बाकावरचे पाच तास आणि त्यानंतरचे दहा महिने

पोलिसांच्या वागणुकीविरुद्ध तक्रार करावी की गप्प बसावे, या विचारात जो कोणी असेल त्याच्यासाठी हे लिहीत आहे. आमच्या घरावर ही वेळ आली तेव्हा अर्ज कोणाच्या नावे द्यायचा, तो पुढे कोणाच्या टेबलावर जातो, किती महिने लागतात आणि शेवटी तक्रारदाराच्या हाती काय पडते, यांतले काहीही आम्हाला ठाऊक नव्हते. मी उत्तर गोव्यातील एका हायस्कुलात शिकवते. ठाण्याचे, गावाचे आणि माणसांचे नाव मी जाणूनबुजून लिहिलेले नाही.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार. आमचा आणि शेजाऱ्यांचा कुंपणावरून जुना वाद आहे. त्या दिवशी दुपारी ठाण्यातून बाबांना फोन आला की तुमच्याविरुद्ध अर्ज आला आहे, लगेच या. बाबा ७१ वर्षांचे आहेत, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. ते तीन चाळीसला ठाण्यात पोहोचले. मेजामागच्या हवालदाराने त्यांना "ए म्हाताऱ्या, बस थंय" एवढे सांगून भिंतीजवळच्या बाकाकडे बोट दाखवले. मी शाळेतून आल्यावर आईकडून हे कळले आणि मी सव्वासहाला तिथे गेले, तेव्हाही ते त्याच बाकावर होते. साहेब बाहेर गेले आहेत, आल्यावर बघू, असे मला दोनदा सांगण्यात आले. साहेब आलेच नाहीत. आठ चाळीसला दुसऱ्या एका शिपायाने "जा आता, परत बोलावू" असे सांगितले. त्या पाच तासांत बाबांना कोणीही एकही प्रश्न विचारला नव्हता.

घरी आल्यावर माझा भाऊ म्हणाला की मारले नाही, शिव्या दिल्या नाहीत, सोडून दे. मला ते पटले नाही, पण त्या रात्री वाद घालण्याइतके त्राणही नव्हते. मी एक गोष्ट केली, आणि पुढे सगळे तिच्यावरच उभे राहिले. जेवण झाल्यावर वही घेऊन बसले आणि बाबांना विचारत विचारत सारे क्रमाने लिहून काढले. फोन किती वाजता आला, हे मोबाइलवरून पाहून लिहिले. हवालदाराच्या छातीवरच्या पट्टीवरचे नाव बाबांनी वाचले होते. बक्कल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मला आठवत होते. उच्चारलेले शब्द जसे होते तसे कोकणीतच लिहिले, त्यांचे मराठी केले नाही. बाक कुठे होता, पंखा कुठे होता, पाणी मागितले तेव्हा कोण काय म्हणाले, हेही लिहिले. दुसऱ्या दिवशी वाचताना बाबांना दोन वेळा चुकल्यासारख्या वाटल्या. त्या खोडून शेजारी "नक्की आठवत नाही" असे नमूद केले. असे काही तुमच्यावर आले तर त्याच रात्री लिहा. तीन दिवसांनी मनात राग शिल्लक राहतो, वेळा राहत नाहीत.

२१ तारखेला शाळेतील एका सहकारी बाईंच्या वकील भावाशी बोलले. त्यांनी दोन मुद्दे समजावून सांगितले. पहिला असा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे तपासासाठी साक्षीदार म्हणून एखाद्याला बोलवायचे असेल तर लेखी आदेश लागतो, आणि साठ वर्षांवरील पुरुषाला तो राहतो त्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. स्त्रियांनाही हेच संरक्षण आहे. आमच्या बाबतीत मुळात कोणता गुन्हाही नोंदलेला नव्हता; कुंपणाची हद्द ठरवणे हे भूमापन खात्याचे आणि दिवाणी न्यायालयाचे काम होते. दुसरा मुद्दा कोणत्या दारी जायचे याचा. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांचे जे निर्देश दिले, त्यांतून पोलीस तक्रार प्राधिकरणाची कल्पना आली आणि गोव्यातही असे राज्यस्तरीय प्राधिकरण आहे. पण ते कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, जमीन बळकावणे, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग अशा तक्रारींसाठी आहे. आमची तक्रार शिस्तीची आणि वागणुकीची होती. तिच्यासाठी आधी पोलीस अधीक्षकांकडे जावे, तिथे काही झाले नाही तर प्राधिकरणाचा विचार करावा, असा त्यांचा सल्ला होता. फी त्यांनी घेतली नाही.

२२ नोव्हेंबरला अर्ज तयार झाला, मराठीत, दोन पाने. १९८७ च्या राजभाषा कायद्याप्रमाणे कोकणी ही राजभाषा असली तरी सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते, त्यामुळे बाबांना जी भाषा वाचता येते तिच्यातच अर्ज असावा हा माझा आग्रह होता. अर्जात मी शिक्षेची मागणी केली नाही. काय घडले ते लिहिले, त्याची चौकशी व्हावी असे लिहिले आणि शेवटच्या परिच्छेदात २० नोव्हेंबरचे दुपारी साडेतीन ते रात्री नऊपर्यंतचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, अशी स्वतंत्र विनंती केली. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण दीर्घकाळ साठवण्याचा आदेश दिलेला आहे, त्याचा एका ओळीत उल्लेख केला. एक प्रत ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. आवक क्रमांक मागावा लागला, पण मागितल्यावर दिला. आणखी एक प्रत अधीक्षक कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवली आणि तिची पावती वहीत चिकटवली.

२५ नोव्हेंबरला माहिती अधिकाराखाली, दहा रुपये शुल्क भरून, त्याच चित्रणाची मागणी केली. २३ डिसेंबरला नकार आला. चौकशीत अडथळा येईल हे कारण होते. येथे मी खचले होते. मग कायदा वाचल्यावर लक्षात आले की नुसते कारण लिहून भागत नाही, माहिती दिल्याने चौकशीत नेमका अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याला दाखवावे लागते, आणि तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. ६ जानेवारी २०२५ ला अपील दिले, ३ फेब्रुवारीला सुनावणी झाली. अपील अधिकाऱ्यांनी प्रत देण्यास नकार दिला, कारण चित्रणात इतर लोकही दिसत होते, पण पाहणीची परवानगी दिली.

२० फेब्रुवारीला मी अर्धा दिवस रजा टाकून ते चित्रण पाहिले. एका छोट्या खोलीत संगणक होता, शेजारी एक तरुण शिपाई बसला होता, तो सौजन्याने वागला आणि सांगेल तिथे चित्र पुढे सरकवत गेला. आवाज नव्हता. बाबा बाकावर बसताना चपला काढून बाकाखाली सरकवताना दिसले, जसे ते देवळात किंवा दुसऱ्याच्या ओसरीवर करतात. त्यानंतर खाकी कपड्यातला कोणीही समोरून गेला की ते उठून उभे राहत होते आणि तो निघून गेला की पुन्हा बसत होते. मी मोजले. मी तिथे पोहोचेपर्यंत ते अकरा वेळा उठले होते. हे त्यांनी घरी सांगितले नव्हते. त्या अकराही वेळांची नोंद मी करून घेतली, आणि बसस्थानकावर येईपर्यंत डोळ्यांतले पाणी थांबले नाही.

दरम्यान प्राथमिक चौकशी सुरू झाली होती. १२ डिसेंबरला उपअधीक्षकांच्या कार्यालयात बाबांचा आणि माझा जबाब झाला. बोलावणे लेखी आले होते, आणि बाबांना येणे जमत नसेल तर आम्ही घरी येतो, असेही त्यात नमूद होते. जबाब बाबा मराठी-कोकणीत देत होते आणि लेखनिक तो इंग्रजीत टंकत होता. सही करण्याआधी मी तो मोठ्याने मराठीत समजावून द्यावा अशी विनंती केली. तेव्हा कळले की बाबांनी "बसवून ठेवले" म्हटले होते तिथे "थांबण्याची विनंती केली" अशा अर्थाचे शब्द पडले होते. लेखनिकाच्या मनात काही असेल असे मला वाटत नाही. कार्यालयीन भाषेची सवयच तशी असते. उपअधीक्षकांनी वाक्य बदलून घेतले आणि कोकणी शब्द जसेच्या तसे अवतरणात टाकले. या टप्प्यावर घाई करू नका. आम्हाला त्या दिवशी तीन तास लागले आणि त्यांतला एक तास केवळ वाचून घेण्यात गेला.

त्यानंतर पाच महिने काहीच कळले नाही. मार्चमध्ये आमच्या वाड्यावरचे एक वयस्कर गृहस्थ घरी आले. त्या हवालदाराच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली आहेत, मुलगी शिकते आहे, तक्रार मागे घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी धमकी दिली नाही, हात जोडले. बाबा हेलावले. दोन दिवस आमच्या घरात कोणी मोकळेपणी बोलले नाही. मी वकिलांना पुन्हा विचारले. त्यांनी सांगितले की गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा नियम, १९६५ लागू आहेत आणि त्यांत किरकोळ व मोठ्या अशा दोन प्रकारच्या शिक्षा आहेत. ठपका ठेवणे, बढती रोखणे, वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा होत. नोकरी जाणे ही मोठी शिक्षा असून ती अशा तक्रारीवरून कोणी देत नाही. हे कळल्यावर बाबांनीच निर्णय केला. "त्याची भाकरी जाऊ नये, पण मला बसवलं होतं हे कागदावर राहू दे," असे ते म्हणाले.

२७ मे २०२५ ला विभागीय चौकशीत साक्षीदार म्हणून हजर राहण्याचे पत्र आले. येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण ती न कळल्यामुळे पुष्कळ तक्रारदार दुखावतात. विभागीय चौकशी ही सरकार आणि त्याचा कर्मचारी यांच्यातील बाब असते. तक्रारदार तिच्यात पक्षकार नसतो, तो फक्त खात्याचा साक्षीदार असतो. खात्याची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो, चौकशी अधिकारी ऐकतो, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला मदतीसाठी दुसरा सरकारी कर्मचारी घेता येतो. डिसेंबरमध्ये दिलेला जबाब आपोआप पुरावा होत नाही. साक्षीदाराने येऊन तो पुन्हा सांगावा लागतो आणि उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. मात्र फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, घटना घडल्याची शक्यता अधिक आहे एवढे दिसले तरी पुरते.

१० जूनची तारीख मदतनीस कर्मचारी रजेवर असल्याने पुढे गेली. पावसात पणजीपर्यंत जाऊन परत यावे लागले. निघण्याआधी फोन करून तारीख कायम आहे का विचारावे, हे त्या दिवशी शिकलो. ८ जुलैला साक्ष झाली. हवालदार समोरच्या खुर्चीत साध्या कपड्यांत बसला होता, वाचायचा चष्मा हातात धरून. ठाण्यातल्या मेजामागे मला तो जेवढा मोठा वाटला होता तेवढा त्या खोलीत वाटला नाही. उलटतपासणीत बाबांना विचारले गेले की हवालदाराने मारले का, शिवी दिली का, पैसे मागितले का. तिन्ही प्रश्नांना बाबांनी "नाही" म्हटले. "मग त्यांनी तुम्हाला केले काय?" या प्रश्नावर बाबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "काहीच केलं नाही. पाच तास कोणी मला काही विचारलंसुद्धा नाही." चौकशी अधिकाऱ्यांनी ते वाक्य स्वतः उच्चारून लिहून घेतले.

मग हवालदाराच्या बाजूने ड्युटीचा तक्ता पुढे केला गेला. २० नोव्हेंबरला पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला होता आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे प्रदर्शन सुरू व्हायचे होते, जे ५ जानेवारीपर्यंत चालले. ठाण्यातले बरेच मनुष्यबळ बंदोबस्ताला गेले होते. तक्त्याप्रमाणे हा माणूस १९ तारखेच्या रात्री आठला कामावर आला होता, सकाळी त्याची सुट्टी होती, पण त्याच्या जागी येणारा बंदोबस्ताला गेल्यामुळे त्याला तिथेच थांबवले गेले. बाबा ठाण्यात शिरले तेव्हा त्याची सलग विसाव्या तासाची ड्युटी चालू होती. फोन करायला कोणी सांगितले, असे चौकशी अधिकाऱ्यांनी विचारल्यावर तो म्हणाला, "साहेबांनी." साहेबांचे नाव आरोपपत्रात नव्हते.

मला हे ऐकून काय वाटले ते प्रामाणिकपणे लिहिते. आधी राग आला, की आता थकव्याची ढाल पुढे करणार. परतीच्या बसमध्ये मात्र दुसरा विचार सुरू झाला आणि तो आजवर सुटलेला नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९८५ मध्ये सर्व राज्यांना पाठवलेल्या पोलीस आचारसंहितेत पोलिसांनी सदैव सौजन्याने वागावे असे म्हटले आहे. दुसरीकडे १८६१ चा पोलीस कायदा म्हणतो की पोलीस हा नेहमीच कर्तव्यावर असल्याचे समजले जाईल. वीस तास जागा असलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करायची असेल तर ज्याने तो तक्ता आखला आणि जो आपल्या ओळखीच्या अर्जदारासाठी म्हाताऱ्या माणसाला तोंडी बोलावणे पाठवायला लावून स्वतः निघून गेला, त्यांचे वागणेही चौकशीच्या कागदात यायला हवे. "ए म्हाताऱ्या" या शब्दांबद्दल हवालदार जबाबदार आहे, यात मला शंका नाही. पण ते पाच तास त्याचे नव्हते. त्याच्या हाती बाबांना घरी पाठवण्याचा अधिकारही नव्हता, आणि आमच्या तक्रारीचा सगळा भार मात्र सर्वांत खालच्या पट्ट्यावर जाऊन पडला. मी अर्ज लिहिताना ज्याचे नाव दिसले त्याचेच लिहिले होते, ही माझी चूक होती. "मला बोलावण्याचा आदेश कोणी दिला हेही तपासावे" असे एक वाक्य पहिल्याच अर्जात असते तर फरक पडला असता. तुम्ही लिहाल तेव्हा ते वाक्य जरूर घाला, आणि त्या दिवसाचा ड्युटी तक्ता व स्टेशन डायरीची नोंदही जपून ठेवण्याची विनंती करा.

१४ जुलैला मी अधीक्षकांना वेगळे पत्र दिले. त्यात दोनच मुद्दे होते: बोलावण्याचा तोंडी आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी निश्चित व्हावी, आणि शिक्षा ठरवताना हवालदाराच्या सलग ड्युटीची दखल घेतली जावी. दुसरा मुद्दा लिहिताना भाऊ माझ्याकडे बघत राहिला. बाबांनी सही केली.

१८ सप्टेंबर २०२५ ला उत्तर आले. आरोप सिद्ध झाला असून संबंधिताला नियमांप्रमाणे किरकोळ शिक्षा देण्यात आली आहे, एवढेच त्यात होते. कोणती शिक्षा, हे कळवलेले नाही. ते माहिती अधिकारात मागण्याचा विचार केला, परंतु कर्मचाऱ्याच्या सेवेतील शिक्षेची माहिती ही वैयक्तिक माहिती ठरते असा सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०१२ चा गिरीश देशपांडे प्रकरणातील निकाल आहे, आणि खरे सांगायचे तर आम्हाला ते जाणून घेण्याची गरजही उरली नव्हती. अधिकाऱ्याबद्दल पत्रात अक्षर नव्हते. शेवटच्या परिच्छेदात मात्र ठाण्यात बोलावलेल्या प्रत्येक व्यक्तीची नोंदवहीत नोंद करण्याच्या सूचना दिल्या आहेत, असे लिहिले होते: नाव, वय, कोणी बोलावले, आली केव्हा, गेली केव्हा.

खर्चाचे विचाराल तर टपाल, झेरॉक्स, माहिती अधिकाराचे शुल्क आणि दोघांचे बसभाडे मिळून दीड हजार रुपयांच्या आत सगळे झाले. माझ्या चार नैमित्तिक रजा गेल्या. एक फायलीचे पाकीट तेवढे चांगले घ्या; पावसाळ्यात माझे पहिले पाकीट भिजले आणि स्पीड पोस्टाच्या पावतीवरची शाई पसरली.

ऑक्टोबरमध्ये आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू आला, त्याच्या पडताळणीचा अर्ज द्यायला मी त्याच ठाण्यात गेले. बाबा मी येतो म्हणाले. मेजामागे नवा शिपाई होता. त्याने "बसा" म्हटले, मोठी वही उघडली आणि कोणी बोलावले आहे का असे विचारले. कोणी नाही, आम्हीच आलो आहोत, असे सांगितल्यावर त्या रकान्यात त्याने एक आडवी रेघ ओढली आणि घड्याळ पाहून वेळ टाकली. अधिकाऱ्याच्या जबाबदारीबद्दल मी १४ जुलैच्या पत्राचे स्मरणपत्र त्याच दिवशी आवकला दिले आहे. कुंपणाची मोजणी अजून व्हायची आहे. भूमापन खात्याकडे अर्ज केला आहे आणि तारखेची वाट पाहत आहोत.